दामोदर धर्मानंद कोसंबी : बहुविद्याशाखीय संशोधन आणि त्याचा संदर्भप्रभाव

१

अध्यापकाच्या संशोधनाचे मोजमाप कसे करावे, हा प्रश्न विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीनंतर आपल्याकडे विशेष ऐरणीवर आला. निबंधांची संख्या किती, ते कोणत्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले, या बाबींना गुणांकनात स्थान मिळाले आणि संदर्भांची मोजदाद हा संशोधनाच्या मोलाचा एक मापदंड मानला जाऊ लागला. विज्ञानशाखांत ही रीत आधीच रुळलेली होती. साहित्य व मानव्यविद्यांच्या विभागांतही ती हळूहळू शिरली. संदर्भांच्या संख्येवरून नेमके काय कळते आणि काय कळत नाही, याचा विचार मात्र त्या प्रमाणात झालेला दिसत नाही.

असा विचार करण्यासाठी दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) यांच्या जीवनकार्याइतके अनुरूप उदाहरण मराठी भाषकांच्या परिसरात दुसरे सापडणे कठीण आहे. गणित, संख्याशास्त्र, जनुकशास्त्र, नाणकशास्त्र, संस्कृत पाठचिकित्सा, प्राचीन इतिहास आणि लोकदैवतांचा अभ्यास अशा परस्परांपासून दूर मानल्या जाणाऱ्या क्षेत्रांत त्यांनी मूलगामी लेखन केले. या प्रत्येक क्षेत्रात त्यांच्या कार्याला मिळालेली मान्यता वेगळ्या स्वरूपाची आहे. कोठे त्यांचे नाव रोज घेतले जाते, पण लेखन वाचले जात नाही. कोठे शोध त्यांचा असून नाव दुसऱ्यांचे आहे. कोठे त्यांचा संदर्भ प्रामुख्याने मतभेदासाठी येतो. प्रस्तुत लेखात कोसंबींच्या चरित्राचा आढावा या दृष्टीने घेण्याचा प्रयत्न आहे.

२

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबे येथे झाला. वडील धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) हे बौद्ध धर्म व पाली वाङ्मय यांचे थोर अभ्यासक. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश अशी भ्रमंती केलेल्या या पुरुषाचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र मराठी वाचकांना परिचित आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन करीत असताना धर्मानंदांना ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाचे पुन्हा निमंत्रण आले आणि १९१८ मध्ये ते अमेरिकेस गेले. अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्यासमवेत होता. त्याचे शालेय शिक्षण मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे झाले आणि १९२९ मध्ये त्याने हार्वर्डची पदवी सर्वोच्च गुणवत्तेसह मिळविली.

या शिक्षणाचा एक विशेष पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हार्वर्डमध्ये कोसंबींनी गणिताबरोबर अनेक युरोपीय भाषांचा अभ्यास केला. जॉर्ज बर्कहॉफ व नॉर्बर्ट वीनर यांच्यासारख्या गणितज्ञांचा सहवास त्यांना लाभला. तथापि पदव्युत्तर पदवी किंवा डॉक्टरेट त्यांनी घेतली नाही. ज्या क्षेत्रांत त्यांनी पुढे काम केले, त्यांपैकी बहुतेकांत त्यांच्यापाशी औपचारिक अधिकारपत्र असे काहीच नव्हते. संस्कृतचे रीतसर विद्यार्थी ते कधी नव्हते. इतिहासाची पदवीही त्यांच्यापाशी नव्हती. एकेका प्रश्नाचा पाठलाग करताना त्यासाठी लागणारी विद्या आत्मसात करावयाची, ही त्यांची रीत होती.

३

भारतात परतल्यावर कोसंबी काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. १९३१ मध्ये आंद्रे वेल या तरुण फ्रेंच गणितज्ञाच्या निमंत्रणावरून ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. या वास्तव्यातील एक प्रसंग संदर्भनिर्देशांच्या इतिहासात नोंद घेण्याजोगा आहे. वेल यांच्या सूचनेवरून कोसंबींनी १९३१ मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध केले आणि त्यातील मूळ प्रमेय बुर्बाकी नावाच्या एका रशियन गणितज्ञाचे असल्याचे नमूद केले. असा गणितज्ञ अस्तित्वातच नव्हता. ती निव्वळ विद्वानांची थट्टा होती. काही वर्षांनी वेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बुर्बाकी’ या सामूहिक नावाने लेखन सुरू केले आणि विसाव्या शतकातील गणिताच्या मांडणीवर त्या नावाचा खोल ठसा उमटला. हे नाव गणिताच्या छापील वाङ्मयात प्रथम आले ते कोसंबींच्या टिपणातून. एका काल्पनिक ग्रंथकाराचा खोटा संदर्भ हा त्यांच्या लेखनातील सर्वांत फलद्रूप संदर्भांपैकी एक ठरावा, यातील उपरोध त्यांच्या स्वभावाला साजेसाच होता.

याच सुमारास त्यांचे गंभीर कामही आकार घेत होते. एखाद्या अवकाशातील मार्गांची समीकरणे दिली असता त्या अवकाशाची भूमिती कशी निश्चित करता येईल, या प्रश्नावरील त्यांचा निबंध १९३३ मध्ये ‘मॅथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’ या जर्मन नियतकालिकात आला. श्रेष्ठ फ्रेंच भूमितिज्ञ एली कार्तां यांनी त्याच खंडात त्या निबंधावर आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढे १९३९ मध्ये चिनी गणितज्ञ चर्न यांनी या विषयात भर घातली. आज ही उपपत्ती कोसंबी-कार्तां-चर्न या संयुक्त नावाने ओळखली जाते. १९९० नंतरच्या काळात सजीवसृष्टीतील गतिकीय प्रश्नांसाठी तिचा वापर झाला. साठ वर्षांपूर्वीचा निबंध ज्या क्षेत्रासाठी लिहिला गेला नव्हता, तेथे तो पुन्हा उपयोगात आला. एवढ्या विलंबाने येणारी दाद कोणत्याही वार्षिक गुणांकनात धरता येणार नाही, हे उघड आहे.

४

१९३३ मध्ये कोसंबी पुण्यास आले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. वडिलांनी जेथे पाली शिकविली, त्याच संस्थेत त्यांची पुढील बारा वर्षे गेली. १९३४ मध्ये रामानुजन स्मृती पारितोषिकाचे ते पहिले मानकरी ठरले. अध्यापनाचा भार सांभाळून केलेल्या या काळातील कामात दोन निबंध विशेष आहेत आणि त्यांचे भवितव्य परस्परविरुद्ध घडले.

पहिला निबंध १९४३ मधील. यदृच्छेने बदलत जाणाऱ्या फलांचे साध्या घटकांत विघटन कसे करावे, ही त्यातील समस्या. भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात तो छापला गेला. महायुद्धाच्या त्या काळात परदेशी अभ्यासकांच्या हाती तो पडणे अवघड होते. पुढील चार-पाच वर्षांत फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्समधील लोएव्ह यांनी तीच पद्धती स्वतंत्रपणे विकसित केली आणि तिला त्या दोघांचे नाव मिळाले. संदेशवहन, प्रतिमांचे संक्षेपण, आकृतींची ओळख अशा असंख्य कामांत ती वापरली जाते. परंतु दीर्घकाळ तिच्या नावात कोसंबी नव्हते. अलीकडे काही लेखकांनी त्यांचे नाव प्रारंभी जोडण्यास सुरुवात केली आहे. शोधाचे मोल तेच असताना, तो कोठे आणि कधी छापला गेला यावर त्याची संदर्भसंख्या किती अवलंबून असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

दुसरा निबंध १९४४ चा, ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ या ब्रिटिश नियतकालिकातील. त्याची लांबी अवघी चार पृष्ठे. त्याचा विषय साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित असल्याने थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. एकाच गुणसूत्रावरील दोन जनुके पुढील पिढीत कधी एकत्र जातात, तर कधी गुणसूत्रांच्या परस्पर देवाणघेवाणीमुळे विलग होतात. ती जितकी दूर, तितके विलग होण्याचे प्रमाण अधिक. म्हणून या प्रमाणावरून त्यांतील अंतर काढता येते. अडचण अशी की, दोन जनुकांच्या दरम्यान दोनदा देवाणघेवाण झाली तर ती पुन्हा एकत्र आलेली दिसतात आणि अंतर प्रत्यक्षापेक्षा कमी भासते. हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये दिलेल्या सूत्रात एका ठिकाणच्या देवाणघेवाणीचा जवळच्या दुसऱ्या देवाणघेवाणीवर परिणाम होत नाही, असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात एक देवाणघेवाण आपल्या निकट दुसरी होऊ देत नाही आणि हा प्रतिबंध अंतराबरोबर ओसरत जातो. कोसंबींनी हे ओसरणे एका अत्यंत साध्या गृहीतकात बसविले आणि त्यावरून नवे सूत्र काढले. विलग होण्याचे प्रमाण शेकडा २० असल्यास हॉल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटिमॉर्गन येते, तर कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२.

हे सूत्र जनुकीय नकाशे तयार करणाऱ्यांच्या नित्याच्या वापरातील साधन बनले. संगणकाच्या साहाय्याने असे नकाशे काढण्याच्या आज्ञावली १९८० नंतर आल्या, तेव्हा त्यांत हॉल्डेन व कोसंबी हे दोन पर्याय समाविष्ट झाले. भात, गहू, मका यांच्या नकाशांवरील निबंधांत कोसंबी हा शब्द वारंवार भेटतो. पण तो वापरणाऱ्या अनेक संशोधकांनी ती चार पृष्ठे पाहिलेली नसावीत, असे मानण्यास जागा आहे. कित्येकदा मूळ निबंधाचा निर्देशही केला जात नाही, कारण त्याची गरजच उरलेली नाही. कीर्तीची ही परमावधी मानली, तरी संदर्भांची मोजदाद करणाऱ्याच्या जाळ्यात ती सापडत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जनुकशास्त्र हे कोसंबींच्या मुख्य उद्योगाचे क्षेत्र नव्हते. आयुष्यभर ज्यासाठी त्यांनी श्रम केले, त्यापेक्षा एका प्रासंगिक चार पानी लेखाने त्यांचे नाव जगात अधिक दूरवर नेले.

५

संख्याशास्त्राचा प्रत्यक्ष प्रयोग करण्यासाठी एखादा ठोस विषय हवा, या गरजेतून कोसंबी प्राचीन नाण्यांकडे वळले. तक्षशिला येथे सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांचे साठे उपलब्ध होते. त्यांवर राजांची नावे नाहीत, सनावळी नाही. केवळ ठशांनी उमटविलेली चिन्हे. यांचा कालानुक्रम कसा लावावा? कोसंबींची युक्ती साधी होती. चलनात असलेले नाणे हातोहाती फिरताना झिजते. त्यामुळे एका टाकसाळीतून एकाच वेळी बाहेर पडलेल्या नाण्यांचे सरासरी वजन काळाबरोबर घटते आणि त्यांच्या वजनांतील विखुरलेपणा वाढत जातो. त्यांनी प्रयोगशाळेतील तराजूवर हजारो नाणी एकेक करून तोलली. ही कल्पना पडताळण्यासाठी रोजच्या व्यवहारातील समकालीन नाणी गोळा करून त्यांचीही वजने घेतली. आहत नाण्यांच्या मागील बाजूस सराफांनी तपासणीच्या वेळी उमटविलेल्या लहान खुणा असतात; या खुणांची संख्या वाढते तसे वजन कमी होते, हेही त्यांनी दाखविले. १९४० पासून प्रसिद्ध झालेले हे निबंध १९८१ मध्ये ग्रंथरूपाने एकत्र आले.

चिन्हांवरून विशिष्ट राजे ओळखण्याचा त्यांचा प्रयत्न पुढील नाणकशास्त्रज्ञांनी सर्वस्वी मान्य केला नाही. परंतु साठ्याचा अभ्यास समूह म्हणून करावा, एकेका नाण्याला सुटे कौतुक म्हणून पाहू नये, हा त्यांचा आग्रह भारतीय नाणकशास्त्रात महत्त्वाचा ठरला. शिवाय नाणी कोणी पाडली असावीत या प्रश्नाने त्यांना मगधाच्या इतिहासाकडे आणि त्यासाठी संस्कृत-पाली साधनांकडे नेले.

६

संस्कृतात शिरण्यासाठी कोसंबींनी भर्तृहरीची सुभाषिते निवडली. नीती, शृंगार व वैराग्य ही तीन शतके आपल्याकडे पाठांतरात होती. वामन पंडितांनी त्यांचा मराठी अवतार घडविल्याने मराठी रसिकालाही ती आपलीच वाटत. कोसंबींनी प्रथम १९४१ मध्ये भर्तृहरीच्या वैराग्याची समाजशास्त्रीय चिकित्सा करणारा एक लेख लिहिला. आश्रयासाठी तळमळणाऱ्या वर्गाचा कवी म्हणून त्यांनी त्याच्याकडे पाहिले. तो लेख पुष्कळांना रुचला नाही. पण टीका करताना एक मूलभूत प्रश्न समोर आला : ज्याला आपण भर्तृहरी म्हणतो, त्याचे श्लोक नेमके कोणते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात त्यांची अनेक वर्षे गेली. देशभरातील ३७७ हस्तलिखितांचा त्यांनी विचार केला. १९४८ मध्ये सिंघी जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झालेल्या चिकित्सक आवृत्तीत त्यांनी श्लोकांचे तीन गट पाडले. बहुसंख्य प्रतींच्या साक्षीवर उभे राहणारे सुमारे २०० श्लोक पहिल्या गटात, संशयित श्लोक दुसऱ्यात आणि एकेकट्या प्रतींत भेटणारे शेकडो श्लोक तिसऱ्यात. तीन शतकांची जी प्रतिमा परंपरेने जपली होती, तिच्यातील मोठा भाग काळाच्या ओघात भर्तृहरीच्या नावावर जमा झालेला आहे, हे यातून स्पष्ट झाले. या आवृत्तीची संस्कृत अर्पणपत्रिका मार्क्स, एंगल्स व लेनिन यांच्या स्मृतीस आहे. अत्यंत परंपरानिष्ठ शिस्तीचे काम आणि अत्यंत परंपराविरोधी अर्पण यांचा हा संयोग कोसंबींच्या व्यक्तिमत्त्वाचे द्योतक म्हणता येईल.

यानंतर बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक वा. वि. गोखले यांच्या सहकार्याने त्यांनी विद्याकर या बौद्ध पंडिताचा ‘सुभाषितरत्नकोश’ संपादित केला. १७३८ श्लोकांचा हा संग्रह १९५७ मध्ये हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेचा ४२ वा खंड म्हणून प्रकाशित झाला. त्याच मालेचा ४१ वा खंड म्हणजे धर्मानंदांनी संस्कारित केलेला ‘विसुद्धिमग्ग’. तो त्यांच्या निधनानंतर १९५० मध्ये आला होता. पिता-पुत्रांचे श्रम ग्रंथालयाच्या एकाच फळीवर शेजारी विसावले आहेत. हार्वर्डचे संस्कृत प्राध्यापक डॅनियल इंगल्स यांनी या संग्रहाचा इंग्रजी अनुवाद १९६५ मध्ये केला. त्यांनी कोसंबींच्या संपादनाचा आधार घेतला, मात्र संस्कृत काव्याकडे पाहण्याची त्यांची वर्गीय दृष्टी प्रस्तावनेत नाकारली. एकाच ग्रंथात ऋण आणि विरोध दोन्ही नोंदले गेले. संख्येच्या हिशेबात मात्र तो एक संदर्भच.

७

१९५६ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारा इंग्रजी ग्रंथ ही कोसंबींची सर्वांत प्रसिद्ध कृती. राजवंशांच्या नामावळीत इतिहास शोधण्याची रीत त्यांनी बाजूस सारली आणि उत्पादनाची साधने व त्यांवर आधारलेले मानवी संबंध यांतील क्रमशः होणारे परिवर्तन हा इतिहासाचा विषय मानला. नांगर, लोखंड, जंगलतोड, टोळीचे जातीत होणारे रूपांतर, श्रेणी, ग्रामव्यवस्था हे त्यांचे विषय. ते मार्क्सवादी होते. पण मार्क्सच्या आशियाई उत्पादनपद्धतीची कल्पना भारताला जशीच्या तशी लावणे त्यांना मान्य नव्हते. वरून आलेली आणि खालून वाढलेली अशी सरंजामशाहीची दुहेरी मीमांसा त्यांनी केली. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) आणि प्राचीन भारताच्या संस्कृतीचा आढावा घेणारा १९६५ चा ग्रंथ यांनी ही मांडणी पुढे नेली.

मराठीच्या अभ्यासकाला यांतील ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ विशेष जवळचा वाटावा. पुण्याच्या परिसरातील टेकड्या, वाड्या व पायवाटा पायी तुडवीत कोसंबींनी सूक्ष्मास्त्रे गोळा केली. शेंदूर फासलेल्या देवतांची ठाणी नोंदविली. धनगर व शेतकऱ्यांशी बोलून त्या देवतांच्या कथा टिपल्या. म्हसोबा, म्हातोबा, बोल्हाई यांची स्थाने अनेकदा प्रागैतिहासिक वाटांच्या कडेला किंवा तिठ्यांवर येतात, हे त्यांच्या ध्यानात आले. पंढरीच्या वारीचे मार्गही पशुपालक टोळ्यांच्या हंगामी स्थलांतराच्या पुरातन वाटांशी जुळतात, असे अनुमान त्यांनी मांडले. कार्ल्याच्या लेण्यांची त्यांची चिकित्सा आणि गोव्यातील जुन्या काबिजादींतील गावकारी व्यवस्थेवरील निबंध यांतही शिलालेख, दस्तऐवज व प्रत्यक्ष पाहणी यांचा मेळ आहे. या पद्धतीला त्यांनी १९६३ मधील एका निबंधात संयुक्त पद्धती असे नाव दिले. लिखित साधनांतील मौन हे लोकव्यवहारात टिकून राहिलेल्या अवशेषांच्या साहाय्याने बोलके करता येते, हा तिचा गाभा.

८

१९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांच्या निमंत्रणावरून कोसंबी गणिताचे प्राध्यापक झाले. राहणे पुण्यात आणि काम मुंबईत. ‘दख्खनची राणी’तील त्यांचा प्रवास त्यांच्या परिचितांच्या आठवणींचा भाग बनला. १९४८-४९ मध्ये ते अमेरिका व इंग्लंडला जाऊन आले. जागतिक शांतता चळवळीत ते सक्रिय राहिले. भारताने अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेकडे लक्ष द्यावे, हे मत त्यांनी उघडपणे मांडले. अणुऊर्जा कार्यक्रमाच्या सूत्रधाराच्या संस्थेत राहून हे मत मांडणे सोयीचे नव्हते.

याच पर्वात त्यांच्या हातून मोठी चूक झाली. मूळसंख्यांच्या वितरणाशी निगडित असलेले रीमानचे अनुमान गणितातील अतिशय अवघड प्रश्नांपैकी एक. ते संभाव्यतेच्या मार्गाने सिद्ध केल्याचा दावा कोसंबींनी १९५९ मध्ये कृषिसंख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात केला. गणितज्ञांनी ही सिद्धता स्वीकारली नाही. त्यांच्या प्रतिष्ठेला यामुळे धक्का बसला आणि १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्याशी असलेला करार पुढे वाढविला नाही. त्यानंतरही मूळसंख्यांवरील काही निबंध त्यांनी एस. डुक्रे या टोपणनावाने प्रसिद्ध केले. १९३१ मध्ये काल्पनिक गणितज्ञाचा हवाला देणाऱ्या लेखकावर अखेरीस स्वतःच काल्पनिक नाव धारण करण्याची वेळ आली. या काळातील निबंधांच्या संख्येवरून त्यांच्या आयुष्याची उतरण दिसणार नाही. उलट इतिहासविषयक सर्वोत्तम लेखनाचा काही भाग याच वर्षांतला आहे.

१९६४ मध्ये त्यांची वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे मानद वैज्ञानिक म्हणून नेमणूक झाली आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी ते संलग्न झाले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात निद्रावस्थेत त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना ५९ वे वर्ष पूर्ण होण्यास महिना उरला होता.

९

मृत्यूनंतर कोसंबींचा प्रभाव विद्याशाखांच्या कप्प्यांत विभागला गेला. इतिहासकारांना त्यांचे गणित ठाऊक असते ते एक विस्मयकारक पुरवणी म्हणून. जनुकशास्त्रज्ञांना ते इतिहासकार होते याची कल्पना बहुधा नसते. इतिहासात रामशरण शर्मा यांची सरंजामशाहीवरील मांडणी (१९६५) आणि रोमिला थापर यांचे लेखन यांवर कोसंबींचे ऋण आहे. १९८१ मध्ये हरबंस मुखिया यांनी भारतात सरंजामशाही होती काय, असा प्रश्न उपस्थित केल्यावर झालेल्या दीर्घ वादात त्यांची मते पुन्हा कसोटीला लागली. शरद पाटील यांनी जातीच्या प्रश्नावर त्यांच्याशी कठोर वाद घातला. गुंथर सोंथायमर यांचा बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांवरील ग्रंथ (१९७६) कोसंबींनी आखून दिलेल्या वाटेवरून पुढे गेला आणि तिची दुरुस्तीही करीत गेला. २००२ मध्ये ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी त्यांचे विखुरलेले भारतविद्याविषयक निबंध एकत्र आणले. गणित व संख्याशास्त्रातील निवडक लेखन राम रामस्वामी यांनी २०१६ मध्ये संपादित केले. म्हणजे त्यांचे सर्व लेखन कोणाही एका वाचकासमोर येण्याची शक्यता त्यांच्या निधनानंतर जवळजवळ अर्धशतकाने निर्माण झाली.

या समग्र लेखनाकडे पाहिले असता एक सूत्र हाती लागते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. नाणे हातोहाती फिरते आणि झिजते; श्लोक प्रतीवरून प्रतीत उतरतो आणि बदलतो; जनुके पिढीमागून पिढीत जाताना विलग होतात; देवता टोळीकडून गावाकडे आणि गावाकडून क्षेत्राकडे येताना रूप पालटते. चारही ठिकाणी कोसंबींचा प्रश्न एकच आहे : हस्तांतर होताना जे बदल घडतात, त्यांतील नियमितता ओळखून मागे कसे जावे? एकाकी नमुन्यावर विसंबू नये, समूह पाहावा. विचलनाला दोष समजून टाकून देऊ नये, त्यालाच पुरावा मानावे, ही त्यांची शिस्त या चारही क्षेत्रांत दिसते. त्यांचे भूमितीचे काम या सूत्रात ओढूनताणून बसविण्याचे कारण नाही. परंतु नाणकशास्त्र, पाठचिकित्सा आणि लोकदैवतांचा अभ्यास हे तीन छंद नसून एकाच चौकशीची तीन अंगे होती, असे म्हणण्यास आधार आहे.

१०

संदर्भांच्या मोजदादीकडे आता पुन्हा वळता येईल. कोसंबींच्या बाबतीत ती तीन प्रकारे अपुरी पडते. १९४४ च्या निबंधाचा वापर इतका सार्वत्रिक झाला की संदर्भ देण्याची गरजच संपली. १९४३ च्या निबंधाचे श्रेय प्रकाशनस्थळामुळे दुसरीकडे गेले. आणि इतिहासलेखनाचे संदर्भ विपुल असले, तरी ते स्वीकाराचे आहेत की विरोधाचे, हे संख्या सांगत नाही. उलट ज्या १९५९ च्या निबंधात ते चुकले, तोही यादीत एक निबंध म्हणूनच मोजला जातो. यावरून मोजमाप सर्वथा निरर्थक आहे, असा निष्कर्ष काढणे कोसंबींनाच मान्य झाले नसते. तराजू हाती घेऊन नाणे तोलणारा तो संशोधक होता. मात्र काय तोलतो आहोत याची स्पष्ट कल्पना असल्याखेरीज त्यांनी तराजूला हात लावला नाही.

मराठी संशोधनाच्या संदर्भात या चरित्राची एक मागणी आहे. आपल्या प्रबंधांत कोसंबींचे नाव आढळते. बहुधा ते प्रास्ताविकात, दैवतविषयक एखाद्या विधानाच्या पुष्टीसाठी येते. ३७७ हस्तलिखिते तपासून मगच कवीविषयी बोलावे, ठाण्यावर पायी जाऊन मगच देवतेविषयी लिहावे, ही त्यांची रीत तेवढ्या प्रमाणात उतरलेली नाही. संतवाङ्मयाच्या पाठचिकित्सेत, लोककथांच्या प्रादेशिक रूपांच्या तौलनिक अभ्यासात तिला वाव पुष्कळ आहे. कोसंबींचे नाव प्रबंधाच्या संदर्भसूचीत एकदा वाढले काय किंवा कमी झाले काय, त्याने फारसे बिघडत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने त्यांच्या पद्धतीने पन्नास प्रती शेजारी मांडून तुकोबांच्या एखाद्या प्रक्षिप्त अभंगाचा माग काढला, तर त्या कामात त्यांचा नामनिर्देश नसला तरी प्रभाव निश्चित असेल.